उम्म सालेमचे वाईट गुलाब

कुवेतमधल्या अहमदीला राहायला आलो त्या वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवात एका बाईंनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "जुन्या पुस्तकांच्या कव्हरांचं काम करते." त्यांनी तिथल्या तिथे माझा नंबर घेतला. एप्रिलमध्ये शाळा उघडल्या आणि त्यांचा फोन आला. दोन मुलांची मिळून बरीच पुस्तकं होती, ब्राउन पेपर आणि लेबलं त्यांच्याकडे होती, मी फक्त जायचं होतं. मी गेले. कोपरे असे दुमडले की वर्षभर एकही सुटला नाही. पुढची तीन वर्षं कॉलनीत एप्रिल महिना मला मोकळा मिळाला नाही.

माझं खरं काम समजावून सांगायला मला तेवढीच वर्षं लागली. आता निवृत्त झाल्यावर एकदाचं कागदावर मांडते.

पुण्यात मी हस्तलिखितं दुरुस्त करायला शिकले. लग्न होऊन कुवेतला आले. आमचे हे तेलाच्या पाइपलाइनींवरचा रंग तपासतात. त्यांचा रंग सुटला तर चौकशी बसते. मी पुस्तकांवरचा रंग तपासायची. माझा सुटला तर मालक रडायचा. बाकी फरक फारसा नाही. दोघांचाही धंदा लेपाचा, आणि दोघांचाही शत्रू हवा.

ज्या गृहस्थांकडे मी वीसेक वर्षं काम केलं त्यांना सगळे बू खालिद म्हणत, म्हणजे खालिदचे वडील. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. बू खालिद यांनी आयुष्यभर इमारती बांधल्या आणि त्यातून जे उरलं ते जुन्या पुस्तकांत घातलं. त्यांच्या घराच्या तळघरात आमची कार्यशाळा होती. आम्ही म्हणजे मी आणि दाऊदभाई. दाऊदभाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. बांधणी ते करायचे, म्हणजे पानं शिवणं, कणा बसवणं, चामडं. मी रंग आणि वार्निश. आमच्या दोघांत एक भिंत होती, पुठ्ठ्याच्या जाडीची. पुठ्ठ्याच्या आतलं सगळं त्यांचं, बाहेरचं माझं.

या पुठ्ठ्यांना बाजारात लॅकर म्हणतात. आपल्याला लाखकाम म्हटलं की सावंतवाडीचे गंजिफे आणि लाकडी फळं आठवतात. तिकडे चीन-जपानात एका झाडाचा चीक घेऊन थरावर थर देतात. आमच्याकडे यायची ती इराणची आणि काश्मीरची कव्हरं, त्यात लाखही नाही आणि तो चीकही नाही. कागदावर कागद खळीने चिकटवून पुठ्ठा करायचा, त्यावर खडूचा पातळ लेप, तो घोटून आरशासारखा करायचा, त्यावर पाण्याच्या रंगांनी आणि सोन्याच्या भुकटीने चित्र, आणि मग तेलात उकळलेल्या राळेचे थर. एक थर वाळला की घासायचा, मग दुसरा. चित्र काचेखाली ठेवल्यासारखं दिसतं. शंभर-दीडशे वर्षांत ही काच पिवळी होते, मग तपकिरी. पांढरं फूल साबणाच्या जुन्या वडीसारखं दिसायला लागतं, निळं फूल हिरवं होतं. हिरव्या आयरिसच्या प्रेमात पडलेले एक गिऱ्हाईक मला आठवतं. मी साफ करून निळं केलं तेव्हा त्यांना वाटलं मी रंगवलं.

दुसरे एक सज्जन वफ्राहून आले. तिथे त्यांचं खजुराचं शेत आहे. कव्हरावरच्या गुलाबाचा टवका उडाला होता, तो त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशने भरला होता. रंगाची निवड वाईट नव्हती. अडचण अशी की नेलपॉलिश ज्याने निघतं त्याने जुनं वार्निशही निघतं. तीन आठवडे सूक्ष्मदर्शकाखाली बसून मी ते सुरीच्या टोकाने कण कण खरवडलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "आधी जास्त चमकत होतं." मी म्हटलं, हो, चमकत होतं.

या कव्हरांवर सगळ्यात जास्त आढळतात ते गुलाब आणि बुलबुल. गुलाब म्हणजे जिच्यावर जीव जडला आहे ती. बुलबुल म्हणजे ज्याचा जडला आहे तो. गुलाब काही बोलत नाही आणि बुलबुल गप्प बसत नाही. बहुतेक घरांत हे उलटं असतं असं दाऊदभाईंचं मत. एकाच फांदीवर वसंतातली बदामाची फुलं आणि उशिरा फुलणारा गुलाब शेजारी शेजारी असतात. ते चित्रकाराचं अज्ञान नव्हे. ती बाग या जगातली नाही, तिथे ऋतू नाहीत, एवढंच सांगायचं असतं. आणि बाहेर अशी गर्दी असली तरी कव्हर उघडल्यावर आतल्या बाजूला, लाल जमिनीवर, पुष्कळदा एकच नर्गिसचं रोप. बाहेर दरबार, आत एकटा माणूस. मला ती आतली बाजू नेहमी जास्त आवडली.

कुराणावर मात्र पक्षी नसतात. फुलं, वेली, तारे, अक्षरं असतात. जीव असलेलं काही नाही. हा नियम कुठे लिहिलेला मी वाचला नाही, पण मोडलेलाही पाहिला नव्हता.

आता उम्म सालेम.

एका हिवाळ्याच्या तोंडावर नूरा नावाची मुलगी एक कुराण घेऊन आली. मुलगी म्हणजे तिशीची, आर्किटेक्ट, बू खालिद यांच्या ओळखीतली. पुस्तक तिच्या आजीचं होतं. आजी म्हणजे उम्म सालेम, सालेमची आई, ऐंशीच्या पुढच्या, राहायला रुमैथियाला. त्या रोज त्याच कुराणातून वाचत आणि आता पानं सुटून मांडीवर पडत होती. कणा नवा करायचा, कव्हरं साफ करायची आणि रमजानच्या आत परत द्यायचं, असं ठरलं. रमजानात उम्म सालेम ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढत. बू खालिद म्हणाले, त्याआधी चार दिवस आपल्या दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखवू. नूराने मान डोलावली.

आमच्या फॉर्मवर 'मालक' असा रकाना आहे. नूराने तिथे स्वतःचं नाव लिहून सही केली. मी दुसरा प्रश्न विचारला नाही. वीस वर्षांत मी ज्या चुका केल्या त्यात ही पहिल्या नंबरची.

वाटणी नेहमीसारखी झाली. दाऊदभाईंनी वजू केली, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुतले, पानांचा गठ्ठा कव्हरांतून सोडवला, पांढऱ्या कापडात बांधला आणि आपल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. कव्हरं माझ्याकडे आली. ती देताना त्यांनी अंगठ्याने कडेचं माप घेतलं.

"ताई, हे कपडे दुसऱ्याच्या मापाचे हायत."

खरंच, कव्हर पानांपेक्षा बोटभर मोठं होतं. म्हणजे ते मूळचं या पुस्तकाचं नव्हतं. असं पुष्कळदा असतं, आम्ही त्यावर जास्त बोललो नाही.

कव्हरं जवळजवळ काळी होती. उजेडाकडे तिरपी धरली की फांद्या, कळ्या दिसत. आणि प्रत्येक कव्हरावर दोन दोन मोठे गुलाब, जे बाकीच्या फुलांच्या मानाने फारच वाईट काढलेले. पाकळ्या कोबीसारख्या. मी नेहमीप्रमाणे एक बोटाच्या नखाएवढी जागा निवडली, अशाच एका कोबीच्या कडेला, आणि तिथलं वार्निश काढून पाहिलं. वार्निशबरोबर गुलाबाची पाकळीही आली. कापूस लाल झाला. मी कापूस बाजूला ठेवला, कारण मूळ चित्र असं कधी निघत नाही. सूक्ष्मदर्शक खाली घेतला. पाकळीखाली आणखी एक जुनं वार्निश होतं, स्वच्छ, आणि त्याच्या खालून एक डोळा माझ्याकडे बघत होता. काळा, गोल, त्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका.

मी दाऊदभाईंना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि लगेच सरळ झाले.

"बुलबुल हाय."

"चारही गुलाबांखाली असणार," मी म्हटलं.

"कोणीतरी मनापासून झाकलंय, ताई. तुम्ही आणखी उघडू नका."

"मी उघडत नाहीये. मी तपासतेय."

त्यांनी कापडात बांधलेलं कुराण कपाटातून काढलं आणि वरच्या मजल्यावर बू खालिद यांच्या नमाजाच्या खोलीत नेऊन ठेवलं. पक्षी दिसतात तोवर ते इथे राहणार नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

बू खालिद आनंदाने वेडे झाले. डोळा पाहूनच त्यांनी चित्रकार चांगल्या इराणी घराण्यातला असल्याचं जाहीर केलं. त्यांचा बेत सरळ होता. पक्षी सगळे उघडायचे, कव्हरं वेगळी काचेत ठेवायची, आणि उम्म सालेमच्या कुराणाला दाऊदभाईंनी सुंदर चामड्याची बांधणी करून द्यायची. "दोघांचाही मान राहील," ते म्हणाले. नूरा गोंधळली, पण तिलाही वाटत होतं की जे खरं आहे ते दिसावं.

आणि मला? मला ते पक्षी बघायचे होते. मी इथे मोठी तत्त्वं सांगू शकते, नंतर चढवलेले थर कधी काढावेत आणि कधी नाही, त्यावर मी विद्यार्थ्यांना बोललेही आहे. पण खरं एवढंच की तो डोळा पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. रात्री जेवताना यांना सांगितलं तर म्हणाले, "कोटिंगखाली काय आहे ते बघायला कोटिंग काढतात का? अल्ट्रासाउंड लाव." आमची मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स देअर ग्रँडमाज बुक. जस्ट आस्क हर." ज्या माणसाला विचारायचं होतं त्याला विचारायचं सोडून आम्ही सगळ्यांना विचारत होतो, हे बारावीतल्या मुलीने दाखवून दिलं.

दोन दिवसांनी नूरा मला आणि दाऊदभाईंना रुमैथियाला घेऊन गेली. भाषेची सोय म्हणून दाऊदभाई. माझी अरबी दुकानापुरती आहे. उम्म सालेम गुडघ्यांवर लोकरी शाल घेऊन कोचावर बसल्या होत्या, समोर चष्मा आणि एक छापील कुराण, तात्पुरतं. माझ्याकडे पाहून त्यांनी अरबीत काही विचारलं नाही. त्या हिंदीत म्हणाल्या,

"बंबई से?"

"नासिक."

"अच्छा. अंगूर."

जुन्या कुवेती माणसांना हिंदी येतं हे मला माहीत होतं. तेल निघायच्या आधी या लोकांचा व्यापार सगळा मुंबईशी, खजूर जायचे, मोती जायचे, घरंही तिकडे असत. पण उम्म सालेम यांचं हिंदी नुसतं येण्यापुरतं नव्हतं, ते भायखळ्याच्या बाजारात फिरून आलेलं होतं.

नूराने अरबीत प्रस्तावना सुरू केली. आजीने हात वर करून तिला थांबवलं आणि मला म्हणाल्या, "तुम बोलो. क्या टूटा?"

मी सांगितलं. काही मोडलं नाही, पण एका गुलाबाखाली पक्षी आहे, आणि त्याचा डोळा मी न विचारता उघडला आहे. बहुतेक चारही गुलाबांखाली आहेत. मी माफी मागितली. टॅबलेटवर फोटो दाखवला.

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

"ये नीचेवाला है," त्या म्हणाल्या. "ऊपरवाला इसको देखता है."

नूरा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आजीला पक्षी माहीत होते, आणि घरात दुसऱ्या कुणालाही नव्हते.

मग त्यांनी सांगितलं. कव्हर त्यांच्या आईच्या एका फारसी कवितांच्या पुस्तकाचं होतं. आईला फारसी जेमतेम यायचं, पण ती पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. उम्म सालेम आठ वर्षांच्या असताना आई मुंबईतच बाळंतपणात गेली. वडिलांनी आईचं कुराण या कव्हरात बांधायला दिलं, तिच्या हातात जे असायचं तेच मुलीच्या हातात राहावं म्हणून. एका काकांनी पक्ष्यांना हरकत घेतली. तेव्हा पत्र्याच्या ट्रंका रंगवणारा एक माणूस घरी आला, व्हरांड्यात बसला, आणि त्याने दुपारभरात पक्ष्यांवर गुलाब काढले. त्या समोर बसून पाहत होत्या.

"मैं रोई. बाबा बोले, हैं तो अंदर ही. कहाँ जाएँगे."

त्यांनी शाल नीट केली आणि कपडे शिवायला टाकावेत तशा सुरात म्हणाल्या, "सब खोलो. मैं देखूँगी. फिर बंद करो."

मी समजावलं. उघडले की त्या ट्रंकवाल्याचे गुलाब कायमचे जातील. पुन्हा झाकायचे तर नवे काढावे लागतील.

"तो तुम बनाओ."

"मी चित्रकार नाही," मी हिंदीत म्हटलं.

"वो भी नहीं था. ट्रंक रंगता था."

परतताना गाडीत मी एक वाक्य मनाशी जुळवलं होतं. एकदा उघडलेलं वार्निश पुन्हा झाकता येत नाही, रासायनिक कारणं आहेत. गाडी चालवणाऱ्या नूराला ते सांगितलं असतं तर आजींनाही पटलं असतं. अशा वेळी लोक आमच्यावर विश्वास ठेवतात. पक्षी उघडेच राहिले असते, बू खालिद खूश झाले असते, आणि मीही. ते खोटं मी बोलले नाही त्याचं कारण फार थोर नाही. दाऊदभाई शेजारी बसले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

बू खालिद यांना निरोप दिला तेव्हा ते म्हणाले की हा गुन्हा आहे, आणि तो त्यांच्या छताखाली होणार नाही. मी तसं नूराला कळवलं. दुसऱ्या दिवशी उम्म सालेमचा उलट निरोप आला, नूराने तो शब्दशः सांगितला: बू खालिद यांचे आजोबा मुंबईत आमच्या घरी दोन वर्षं जेवले आहेत. त्यानंतर बू खालिद यांनी हा विषय काढला नाही. पंधरा दिवस त्यांनी कुठलाच विषय काढला नाही.

सात आठवडे मी दुसरं काम केलं नाही. ट्रंकवाल्याचा तैलरंग वरच्या वार्निशसकट मऊ करायचा, सुरीच्या टोकाने उचलायचा, आणि मूळ वार्निश आलं की थांबायचं. पहिला बुलबुल पूर्ण निघाला तेव्हा दाऊदभाई बघायला आले. छातीवर एकेक पीस एका केसाच्या कुंचल्याने काढलेलं. चोच किंचित उघडी. वरचा खरंच खालच्याकडे बघत होता. मागच्या कव्हरावर तिसरा, मान वळवून पंखात चोच घातलेला. इतकं चांगलं काम माझ्या हातांखाली आधी कधी आलं नव्हतं, नंतरही नाही.

चौथा गुलाब उचलला तर खाली काहीच नव्हतं. म्हणजे पक्षी नव्हता. पुठ्ठा होता. चित्र, खडूचा लेप, सगळं आडवंतिडवं खरवडलेलं, पार कागदापर्यंत. एका कडेला शेपटीचं टोक तेवढं राहिलेलं. मला वाटलं माझ्याच सुरीने घात केला. पण ओरखडे जुने होते, ट्रंकवाल्याचा लाल रंग त्यांच्या खोलीत जाऊन बसला होता.

उम्म सालेम जानेवारीत आल्या, व्हीलचेअरवर, नूराबरोबर. लिफ्टने तळघरात उतरल्या. मी कव्हरं मऊ कापडावर शेजारी शेजारी ठेवली होती, भिंग ठेवलं होतं, दिवा तिरपा केला होता. चौथ्या जागेबद्दल काय बोलायचं ते मी तयार करून ठेवलं होतं.

त्यांनी भिंग घेतलं नाही. पुढे झुकून पहिला पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. तोंडाने काही पुटपुटल्या, ते अरबी होतं. मग चौथ्या जागेकडे वळल्या, बोट पुढे केलं, आणि ओरखड्यांच्या वर वीतभर अंतरावर थांबल्या.

"हात नको लावू," त्या म्हणाल्या.

स्पष्ट मराठीत. मी दाऊदभाईंकडे पाहिलं, ते माझ्याकडे. मला वाटलं मी ऐकण्यात चुकले.

"ये मराठी है," मी म्हटलं.

"मराठी?" त्यांना ते हिंदीच वाटत होतं. "हमारी बाई बोलती थी. दिन भर यही बोलती थी."

बाईचं नाव त्यांना आठवत नव्हतं. हिरवी साडी आठवत होती. ती सांगत असूनही त्यांनी एके दिवशी आईच्या केसांतला आकडा घेतला होता. चौथा पक्षी सगळ्यांत छोटा होता, त्यांना तो बाहेर काढून हातात घ्यायचा होता. जमेल असं वाटलं होतं.

"अम्मा ने मारा नहीं. किताब उठाके ऊपर रख दी. फिर नीचे नहीं उतारी." थोडं थांबून म्हणाल्या, "वही साल था."

त्या वर्षी आई गेली.

"पेंटर ने देखा था," त्या पुढे म्हणाल्या. "मेरी तरफ देखा. कुछ बोला नहीं. वहाँ भी एक गुलाब बना दिया."

नूरा रडत होती. उम्म सालेम रडत नव्हत्या. त्यांनी आणखी एक चहा होईल इतका वेळ पक्षी पाहिले, मग खुर्चीचं चाक स्वतःच मागे ढकललं.

"बस. अब ढाँक दो."

मी फोटो काढायची परवानगी मागितली. फाइलमध्ये ठेवा, भिंतीवर नको, असं त्या म्हणाल्या. फाइल नूराकडे आहे.

झाकायची तयारी सोपी होती. पक्ष्यांवर नव्या वार्निशचा एक पातळ, काढता येईल असा थर, त्यावर पाण्याचे रंग, आणि वर तसाच आणखी एक थर. उद्या कुणाला उघडावंसं वाटलं तर सौम्य द्रावणात भिजवलेल्या बोळ्याने दहा मिनिटांत निघतील, मूळ चित्राला धक्का न लागता. अवघड होतं ते गुलाब काढणं. ट्रंकवाल्याच्या गुलाबांचे जुने फोटो समोर ठेवून मी पहिला काढला आणि नूराबरोबर फोटो पाठवला. उत्तर आलं: जास्त चांगला आहे, होता तसा काढा. दुसरा काढला. तोही नापास. वीस वर्षं हात सुधारत नेले, आता ते बिघडवायचे कसे? वाईट गुलाब काढायला शिकायला मला नऊ दिवस लागले. दाऊदभाई जाता-येता बघत. "ताई, अजून थोडा कोबी पायजे," म्हणत. एकदा मी वैतागून डाव्या हाताने काढला. तो पास झाला. मग चारही डाव्या हाताने काढले.

चौथ्या जागेत मी ओरखडे भरले नाहीत. फक्त ते पुढे पसरू नयेत एवढं केलं आणि त्यांवर चौथा गुलाब काढला, तितकाच वाईट.

हे मी बरोबर केलं का, हे मला विचारू नका. माझ्या क्षेत्रातल्या एका जाणकार बाईंना सांगितलं तेव्हा त्या एकदम हवेबद्दल बोलू लागल्या. मला स्वतःला अजून कधी कधी वाटतं की ते तीन पक्षी जगात फार थोड्या लोकांनी पाहिले आणि त्याला मी कारण आहे. मग वाटतं, उघडे ठेवले असते तर आणखी कितीतरी लोकांनी ते पाहिले असते, पण ते कुणाचे होते हे त्यांतल्या एकालाही कळलं नसतं.

रमजानला पाच दिवस उरले असताना दाऊदभाईंनी वजू करून पानं वरून खाली आणली, शिवली, नवा कणा चढवला आणि कव्हरं बसवली. बू खालिद यांनी एकदा हातात घेऊन पाहिलं, गुलाबावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भयंकर आहेत." माझ्या कामाची त्यांनी केलेली ही सगळ्यांत मोठी स्तुती. दिवाणखान्यात दाखवायचा बेत त्यांनीच रद्द केला.

आम्ही दोघं पुस्तक पोचवायला रुमैथियाला गेलो. उम्म सालेम तिथेच, त्याच कोचावर. दाऊदभाईंनी दोन्ही हातांनी पुस्तक दिलं. मी कोचाच्या कडेला सरसावून बसले. तीन-साडेतीन महिन्यांचं काम होतं, आणि त्यात डाव्या हाताचे चार गुलाब होते. काही तरी म्हणतील, निदान कव्हर उजेडाला धरतील, असं मला वाटत होतं.

त्यांनी कव्हराकडे पाहिलं नाही. पुस्तक मांडीवर घेतलं, तळवा एकदा कव्हरावरून गेला, तो पुसल्यासारखा, आणि त्यांनी ते उघडलं. पानं चाळली, बोट एका ठिकाणी ठेवलं आणि हलक्या आवाजात वाचायला लागल्या. आम्ही समोर आहोत हे त्या विसरल्या.

चहा आला. आम्ही तो प्यायलो. बिस्किटंही खाल्ली. वाचन चालूच होतं. शेवटी आम्ही उठलो, दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर जिन्यावर येऊन चपला-बूट घालायला लागलो.

"बघितलंसुद्धा नाही त्यांनी," मी म्हटलं.

दाऊदभाई बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी गाठ पूर्ण केली.

"म्हणजे झालं, ताई," ते म्हणाले. "काम बरोबर झालं."